मपलं पुस्तक

गेल्या जून महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या एका निवृत्त गृहस्थांनी अंगणवाडीसाठी सात हजार रुपये देऊ केले होते. त्यांतून लहान मुलांसाठी पुस्तके आणि खेळ घ्यायचे होते, आणि काय घ्यावे हे आम्ही सांगावे, अशी तिची इच्छा होती. "तुम्ही दोघंही मराठीचे. तुम्हाला नाही कळायचं तर कुणाला?" हे तिचे वाक्य ऐकून आम्ही उभयता मनातून सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसांना असा विश्वास फार वेळा लाभत नाही.

आम्ही दोन संध्याकाळी खपून चाळीस नावांची यादी केली. यादी वजनदार होती. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'पासून ती सुरू होत होती आणि मधे कुठेतरी संतचरित्रेही होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही यादी आहे, याचा विसर आम्हांला नेमका कितव्या नावाला पडला, ते आता सांगता येणार नाही. खेळांच्या रकान्यात अक्षरांचे लाकडी ठोकळे, इंग्रजी-मराठी तक्ते आणि बटण दाबले की बोलणारे एक यंत्र होते. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. ती संकोचून म्हणाली, "मॅडम, पुस्तकं लई चांगली हायेत. पण आमच्या लेकरांनी त्याच्यावर बोलावं काय?"

प्रश्न साधा होता. आम्ही मात्र गप्प झालो, कारण तो आम्हांला बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याच घरात पडायला हवा होता.

2012 साली आमची मुलगी तीन वर्षांची झाली. आम्ही परभणीत राहत होतो, आजही राहतो. परभणीत पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके हवी तेवढी मिळत; लहान मुलांची चांगली चित्रपुस्तके मात्र पुण्याहून मागवावी लागत किंवा औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, कुणी जाणार असेल तर त्याला सांगावे लागे. आम्ही मागवली. जाड पुठ्ठ्यांची, मोठ्या चित्रांची, मोजक्या शब्दांची पुस्तके आली. मुलीने त्यांतले एक छातीशी धरले आणि घरभर सांगत सुटली, "हे मपलं पुस्तक हाय."

आम्ही लगेच म्हणालो, "मपलं नाही गं, माझं म्हण. हाय नाही, आहे."

हे एकदाच घडले असते तर गोष्ट वेगळी. चित्रातले मूल 'रडायलंय' असे ती म्हणाली की आम्ही 'रडतंय' म्हणायचो. 'कामून' म्हणाली की 'का' म्हणायचो. आमचा स्वर प्रेमाचा होता आणि हेतूही वाईट नव्हता. पुढे शाळेत तिला कुणी हसू नये, एवढेच मनात होते. काही आठवड्यांनी आमच्या लक्षात आले की पुस्तक उघडल्यावर ती आधी चित्राकडे न पाहता आमच्या तोंडाकडे पाहते. आणखी काही आठवड्यांनी ती पुस्तक घेऊन आमच्याकडे येईनाशी झाली. आम्ही निष्कर्ष काढला की मुलीला वाचनाची आवड नाही, आणि आणखी पुस्तके मागवली.

यातला विनोद पुढेच आहे. त्याच वर्षी आम्ही एम.ए.च्या वर्गाला बोलीभाषांचा अभ्यास हा घटक शिकवत होतो. मराठवाड्याच्या बोलीतील 'करायलाय', 'जायलाय' ही चालू क्रियेची रूपे, 'मपलं-तुपलं' ही सर्वनामे फळ्यावर लिहून, बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली आवृत्ती नसून तिच्याइतकीच नियमबद्ध असते, असे घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो. महानुभावांचे गद्य शिकवताना नागदेवाचार्यांचा दाखला देत होतो: केसोबासांनी संस्कृतात लिहिण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, म्हणून आचार्यांनी त्यांना थांबवले. विद्यार्थी हे लिहून घेत. आम्ही घरी येऊन लेकीचे 'मपलं' खोडत होतो.

घरात एक म्हातारी होती. आमच्या मुलीची आजी. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना तिचा जन्म झाला. शाळेची पायरी तिने कधी चढली नाही. अक्षरओळख नाही, पण बोट लावून चित्रे पाहण्याची तिला हौस होती. एके दुपारी आम्ही महाविद्यालयातून लवकर परतलो. आजी आणि नात ओसरीवर बसल्या होत्या आणि नावडते ठरलेले तेच पुस्तक दोघींच्या मांडीवर होते. आजी विचारत होती, "हे लेकरू कामून रडायलंय?" आणि मुलगी सांगत होती. त्याची चप्पल कशी हरवली, ती कुत्र्याने कशी नेली, कुत्र्याची आई त्याला कशी रागावली. पुस्तकात यातले काहीही नव्हते. पुस्तकातले चार शब्द मात्र तिने मधे बरोबर त्याच पानावर, बोट ठेवून म्हटले.

आम्ही दारातच उभे राहिलो. आम्हीही तिला प्रश्न विचारत होतोच: हा कोणता रंग, हे कोणते अक्षर, हा कोणता प्राणी. पण आमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आम्हांला आधीच ठाऊक असे, आणि मुलांना हे फार लवकर कळते. ती परीक्षा होती. आजीला मात्र ते लेकरू का रडते आहे, हे खरोखरच माहीत नव्हते. तिला ते नातीकडूनच कळणार होते. लहान मुलाला आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे असे वाटणे, ही शिकण्याची पहिली अट असावी. तिचे एकट्या आजीने पालन केले होते, आणि तेही अजाणता.

खेळांच्या बाबतीतही हेच झाले. आम्ही आणलेले कोडे एकदा जुळले की पुन्हा तसेच जुळे. तिसऱ्या दिवशी ते पलंगाखाली गेले. आजीने फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा अष्टाचंग आखला. दोन चिंचोके मधोमध फोडून चार फाका केल्या. एक बाजू पांढरी, एक काळी. फाका टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे आणि खडे. मुलगी चार वर्षांची होईतो फाका पाहताच, न मोजता, 'तीन' म्हणू लागली. सोंगटी किती घरे पुढे गेली म्हणजे आजीची सोंगटी मरते, हा हिशोब ती आधीच मनात करू लागली. बेरीज हा शब्द तिने ऐकलाही नव्हता. त्याहून अवघड दोन गोष्टी ती त्या चौकोनांवर शिकली: आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि हरल्यावर पट न उधळणे. दुसरीला बराच वेळ लागला. आपल्याकडे खेळातून शिकवण्याची कल्पना नवी नाही. आजची सापशिडी ज्या मोक्षपटातून आली, त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते, आणि मराठी परंपरा त्या पटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते.

हा विचार करू लागलो की ताराबाई मोडकांचे स्मरण अपरिहार्य ठरते. ताराबाई (1892-1973) भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाकडे वळल्या. 1926 साली तिथेच नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरींची पद्धत त्यांना पटली होती. त्या साधनांमधले मर्म असे की चूक साधनच दाखवते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर बसत नाही, मोठ्यांनी तोंड घालावे लागत नाही. पण ती साधने महाग होती आणि शहरातल्या मूठभर मुलांपुरती उरत होती. 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ (1910-1992) त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. बिया, शिंपले, पाने, खडे, माती, चिंध्या अशा भोवताली फुकट मिळणाऱ्या वस्तूंची साधने त्यांनी केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. त्यामागे ताराबाईंचे हे अंगण आहे. स्वस्त साधने एवढाच बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचा अर्थ आम्ही इतकी वर्षे लावत होतो. आता वाटते, मुलाच्या हाताला जे आधीच ओळखीचे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्याचा खरा अर्थ आहे. आणि हाताला लागू असलेली गोष्ट जिभेलाही लागू आहे.

असो. आम्ही यादी फाडून नवी केली. आमच्या विद्यार्थिनीलाच विचारत केली, हे अधिक खरे. तिने सांगितलेली पहिली गोष्ट व्यवहाराची होती: चिंचोके मोठ्यांच्या गटालाच आणि डोळ्यांसमोर, कारण बारकी लेकरे ते नाकात घालतात. त्यांच्यासाठी कापडी चेंडू, एकात एक बसणारे डबे आणि सरकी भरून शिवलेल्या पिशव्या ठरल्या. बोलणारे यंत्र गेले, कारण ते बोलते आणि मूल ऐकत बसते. ठोकळे राहिले, पण अक्षरे नसलेले. त्यांचे घरही होते, बैलगाडीही होते. मातीला पैसे लागणार नव्हते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आणि कडब्याच्या चिपाडांच्या गाड्या जोडणाऱ्या पोरांना आकार शिकवायला तक्ता कशाला हवा?

पुस्तकांसाठी आम्ही तीन कसोट्या ठेवल्या. चित्रावर बोट ठेवून मुलाला स्वतःचे काही सांगता आले पाहिजे. मजकूर थोडा आणि तालाचा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्याचा हवा, कारण याच वाक्याची वाट पाहत मूल वाचक होते. तीच गोष्ट विसाव्यांदा मागणारे मूल हट्टी नसते, ते पाठ पक्का करत असते. आणि पुस्तक फाटले तरी चालेल असे ते हवे. मराठीत अशी पुस्तके आता आहेत. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. 'राधाचं घर' घेताना आम्हांला विचार करावा लागला नाही. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तके घेतली. 2004 साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची घेतली. त्यांच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून मराठी गोष्टी मोफत वाचता आणि छापताही येतात. तरी एक उणीव राहतेच. पुष्कळ चित्रपुस्तकांतले घर हे फ्लॅट असते आणि त्यात आजी क्वचितच विटकरी लुगड्यात असते. ज्या पुस्तकांत शब्दच नाहीत, केवळ चित्रे आहेत, ती आम्ही म्हणूनच मुद्दाम जास्त घेतली. त्यांत गंगाखेडची बोली कुणी खोडू शकत नाही.

प्रमाणभाषा शिकवू नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. आमचे पोट तिच्यावर आहे, आणि या लेकरांनाही उद्या तिच्यावाचून दारे उघडणार नाहीत. पुस्तकातले वाक्य पुस्तकातल्यासारखेच वाचावे; मुलाचे वाक्य मुलाचेच राहू द्यावे. दोन्ही कानांवर पडत राहिली तर मूल दोन्ही घेते. आमची मुलगी आता अकरावीत आहे आणि व्यवस्थित 'माझं' म्हणते. 'मपलं' मात्र ती आता म्हणत नाही. आजी 2018 साली गेली. त्यानंतर घरात तो शब्द कुणाच्या तोंडी आलेला नाही, आणि याचा दोष द्यायला आमच्याशिवाय दुसरे कुणी नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही पुस्तके घेऊन त्या गावी गेलो. ती कपाटात ठेवायची नाहीत, मुलांच्या हाताला येतील अशी दोरीवर टांगायची, हे आधीच ठरले होते. सेविकेने एक चित्रपुस्तक उघडले आणि विचारले, "हे बैल कुणाचं हाय?" चार वर्षांचा एक मुलगा उठून उभा राहिला, आणि त्या बैलाचे नाव, तो कुठे बांधतात, त्याने कुणाला मारले, हे सगळे सांगू लागला. आम्ही दोघे मागे, भिंतीशी बसलो होतो. आम्हांला यातले काहीच माहीत नव्हते.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. एक पुस्तक पार फाटले होते, आणि वहीत त्याची नोंद कशी करावी हे तिला विचारायचे होते. कोणते पुस्तक, म्हणून आम्ही विचारले. तेच, बैलाचे. सात हजारांतून आम्ही चारशे रुपये बाजूला ठेवले होते. त्यांतून तेच पुस्तक दुसऱ्यांदा मागवले.