माळ्यावरचा नाताळ

आमच्या लहानपणी वसईत नाताळ बाजारातून कमी आणि माळ्यावरून जास्त यायचा. भात झोडून व्हायचं, पेंढ्याची उडवी रचून व्हायची, डिसेंबरचा पहिला आठवडा उलटायचा, मग बाबा शिडी लावून माळ्यावर चढत आणि पत्र्याची एक पेटी खाली देत. तिच्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले नाताळच्या गोठ्यातले पुतळे असत, काचेचे मोजके गोळे असत, क्रेप कागदाच्या नीट घडी घातलेल्या माळा असत. ताऱ्याचा बांबूचा सांगाडा पेटीत मावत नसे. तो वर्षभर आढ्यालाच टांगलेला असे. दुकानातून आणायचं ते एवढंच: पतंगी कागदाचे काही ताव, हिरव्या रंगाची पुडी आणि कापूस. चिकटवायला खळ घरी शिजे.

तो सांगाडा आजोबांच्या हातचा होता. कामट्या तासून, सुतळीने आवळून त्यांनी एकदाच बांधलेला. रात्रीच्या दवाने कागद दरवर्षी ओघळायचा, फाटायचा. तो सोलून नवा लावायचा. वीज आल्यावर आतल्या पणतीच्या जागी बल्ब आला, तरी सांगाडा तोच राहिला. आजोबा गेल्यानंतरही त्यांनी मारलेल्या गाठी कोणी सोडल्या नाहीत. एखादी कामटी मोडली तर तेवढीच बदलायची.

पुतळ्यांचं तर एक कुटुंबच होतं. मरिया आणि योसेफ प्लास्टरचे, आजी या घरात आली त्या सुमारास मुंबईहून आणलेले. मरियेच्या निळ्या शालीचा रंग इतका उडाला होता की ती जवळजवळ राखाडी दिसे. एका मेंढराला काडेपेटीच्या काडीचा पाय होता. मेंढपाळ दुसऱ्याच घरातून आलेला, आत्याच्या सासरी त्यांनी नवे पुतळे घेतले तेव्हा जुन्यातला उरलेला, त्यामुळे तो योसेफापेक्षा चांगला वीतभर उंच. आणि गाय? गाय दिवाळीची. शेजारच्या मुलांचा किल्ला दिवाळी संपली की मोडायचा. मावळे, तोफा, वाघ त्यांचे ते ठेवून घेत आणि मातीची गाय नि डोक्यावर मडकं घेतलेली गवळण आमच्याकडे येई. गवळण बेथलेहेमच्या वाटेवर उभी राही. तिला तिथून हलवावं असं घरात कोणाच्याही मनात आलं नाही. मेंढपाळ आले तर गवळणीने का येऊ नये, हा आजीचा प्रश्न होता आणि त्याला आजही माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

गोठा चहाच्या लाकडी खोक्याचा. खाकी कागद चुरगाळून, खळीत बुडवून डोंगर व्हायचे. पारा उडालेल्या आरशाचा तुकडा म्हणजे तळं. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग लावला की गवत. आणि खरं गवत हवं म्हणून दोन आठवडे आधी करवंट्यांत नाचणी पेरलेली असे. नाताळपर्यंत ती बोटभर वर येई, कोवळी, पोपटी. मागे पडदा म्हणून आजीचं विरलेलं लाल लुगडं. आमच्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या बायकांच्या लुगड्याचा तो लाल रंग दिव्याच्या उजेडात असा काही उजळायचा की आता दुकानात मिळणारी छापील निळी चांदणरात मला त्याच्यापुढे फिकी वाटते.

पेंढा मात्र घरचा, परसातल्या गोठ्यातून मूठभर उचललेला. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिला नाताळचा गोठा मांडला, तेव्हा त्याने खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा आणवला होता. बाळ येशू किती साध्या जागी जन्मला ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, असा त्याचा हेतू होता. आम्हाला ते वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. गव्हाण म्हणजे काय हे ठाऊक होतं, कारण सकाळी तिच्यात चारा टाकायचं काम आमच्याकडेच असे. तिथला दमट वास, गाईचा उष्ण श्वास, सगळं ओळखीचं. आज माझ्या नातवंडांना गव्हाण भेटते ती फक्त नाताळच्या देखाव्यात. सजावटीतल्या बदलांपैकी हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो.

झाड म्हणजे सुरूची फांदी. भुईगाव, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर सुरूची बनं आहेत. वादळवाऱ्याने मोडलेली फांदी मिळे. ती वाळूने भरलेल्या डालड्याच्या डब्यात रोवायची आणि डब्याला रंगीत कागद गुंडाळायचा. पाइनचं किंवा फरचं झाड आम्ही फक्त शुभेच्छापत्रांवर पाहिलेलं. व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचं चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि तिथून ही प्रथा इंग्रजी घरांत पसरली. आमच्याकडे ती आली आणि तिने सुरूचा पाला पांघरला. सुरूची पानं दोऱ्यासारखी, लोंबती. गोळा लावला की फांदी वाकायची. म्हणून काचेचे गोळे खालच्या जाड फांद्यांना आणि वर सिगारेटच्या पाकिटांतल्या चांदीच्या कागदाच्या चांदण्या. ती चांदी काका वर्षभर साठवत.

ते काचेचे गोळे बाबांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणले होते. वसईचा भाजीपाला, फुलं, विड्याची पानं घेऊन माणसं रोज गाडीने मुंबईला जात, आणि येताना रिकाम्या टोपलीतून असं काही घरी येई. फुंकून केलेल्या अशा गोळ्यांचं जुनं गाव म्हणजे जर्मनीतलं लाऊशा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या घरोघरी हे काम चाले. काच फुंकण्यापासून रंग देण्यापर्यंत सगळं घर कामाला लागे. आमचे गोळे कुठले होते ते कोणी विचारलं नाही. ते इतके पातळ होते की हातात घेतला तरी वजन लागत नसे. लहान मुलांनी ते लावायचे नाहीत, बघायचे. पहिल्यांदा गोळा हातात मिळाला तो दिवस म्हणजे आपण मोठे झालो याची खूण होती.

दिव्यांची सिरीज आली तेव्हा वाडीतली मुलं ती बघायला जमली होती. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग तो गेलेला बल्ब शोधायचा, एकेक काढून, एकेक लावून. माळ उजळली की सगळं घर ओरडायचं.

मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत आल्यावर आजी बाळ येशू गव्हाणीत ठेवायची. तोपर्यंत गव्हाण रिकामी. आणि तीन राजे तर गोठ्याच्या जवळपासही नसत. ते कपाटावर, मग खिडकीत, मग टेबलावर असे रोज थोडे पुढे सरकत आणि 6 जानेवारीला पोहोचत. सजावट म्हणजे मांडून मोकळं होण्याचं काम नव्हतं, ती पंधरवडाभर चालत राहायची.

पुढे दिवस बदलले आणि भराभर बदलले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन इमारतींसाठी खुली होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हरित वसई'चा लढा उभारला. त्यामुळे आज जे हिरवं दिसतं ते उरलं. पण पुष्कळ गेलं. 2009 मध्ये महानगरपालिका झाली तोवर कित्येक वाड्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले होते. कौलारू घर पडलं की पहिल्यांदा माळा जातो. फ्लॅटला माळा नसतो. मग पेटी कुठे ठेवायची? कोणी पुतळे पाहुण्यांना दिले, कोणी बांधकामाच्या ढिगाऱ्यात सोडले. सागवानी खांब, दारं, खिडक्यांच्या रंगीत काचा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने टेम्पोत भरून नेल्या. घराघरांत नव्याने आलं ते प्लॅस्टिकचं झाड, प्लॅस्टिकचा तारा आणि एकाच साच्यातले पुतळे.

नव्या वस्तूंना मी नावं ठेवणार नाही. प्लॅस्टिकचा तारा दवात भिजत नाही, आणि नोकरीहून रात्री आठला परतणाऱ्या सुनेला त्याने जी उसंत दिली तिची किंमत मला कळते. एलईडीची माळ वीज कमी खाते आणि फारशी तापत नाही. पण सगळ्या घरांतला गोठा एकसारखा झाला, हे मला खुपतं. पूर्वी कुणाच्या घरी गेलो की गोठ्यावरून घर ओळखता येई. काडीचा पाय असलेलं मेंढरू आमचं, कान तुटलेलं गाढव धाकट्या काकांचं.

म्हणून गेल्या काही वर्षांत जे चाललं आहे ते पाहून माझं मन भरून येतं. आमच्या पुढच्या पिढीतली मुलं जुन्या वस्तू शोधू लागली आहेत. कोणी मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर पितळी मेणबत्तीदान हेरतं, कोणी जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून कोरीव कंगणीचा तुकडा आणून त्याचा गोठ्याला मांडव करतं. माझ्या भाचीने पडलेल्या घराच्या दाराची फळी वाचवली. तिच्यावर आता तिचा गोठा बसतो. आजोळच्या खिडकीची निळी-तांबडी काच तिने मागे उभी केली आहे आणि तिच्याआड दिवा ठेवते. विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ तिच्या सासूबाईंचा, त्यावरच्या वाट्या माझ्या आईच्या. तीन घरांचा संसार एका टेबलावर येतो आणि ते घर लगेच उबदार होतं.

हे करताना नवं नवं 'जुनं' विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मुद्दाम काळवंडवलेलं पितळ, घासून झिजवलेलं लाकूड आता दुकानात महाग मिळतं. त्यापेक्षा शेजारणीचा खरा जुना कंदील मागून आणावा. ती आनंदाने देईल.

आणि जुन्या वस्तू काचेच्या कपाटात बंद करू नयेत. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती बाळ येशू आहेत, त्यांना तिथे जपलंच पाहिजे. घराचं काम निराळं आहे: तिथे वस्तू वापरात राहिली पाहिजे, वसईच्या घंटांसारखी. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर लागल्या. युद्धात नेलेल्या वस्तू त्या, आणि तो इतिहास आमच्या पूर्वजांसाठी सोपा नव्हता. तरी मेणवलीला ती घंटा पाहिली तेव्हा मला बरं वाटलं. वितळवली असती तर तोफ झाली असती. लोकांनी तिला देवाच्या दारातच ठेवलं.

जुन्या गोष्टी वापरायच्या तर त्यांची रीत सांभाळावी लागते, तीही थोडी सांगते. काचेच्या जुन्या गोळ्यांना आतून चांदीचा थर आणि बाहेरून रंग असतो. पाणी लागलं की रंग सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, एवढंच. ठेवताना अंड्यांचे ट्रे उत्तम. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई उतरते. जुनं सुती कापड घ्यावं. प्लास्टरच्या पुतळ्याचा टवका उडाला तर तेवढाच भरावा, सगळा पुतळा नव्याने रंगवू नये. आजीच्या हातांनी झिजलेला रंग त्यात जातो. क्रोशाच्या लेसला भाताच्या पेजेची खळ द्यावी आणि सावलीत सपाट वाळवावी. जुन्या दिव्यांच्या वायरी मात्र बिनदिक्कत फेकून द्याव्यात आणि इलेक्ट्रिशियनकडून नव्या घालून घ्याव्यात. कागदाच्या ताऱ्यात एलईडीचाच बल्ब लावावा.

शेवटी एक विनंती. तुमचं किंवा तुमच्या भावकीतलं जुनं घर या वर्षी पाडायचं ठरलं असेल, तर मजूर यायच्या आधी एकदा स्वतः माळ्यावर चढा. पेटी उघडून बघा. जे तुम्हाला नको असेल ते चर्चच्या धर्मग्रामात कोणाला हवं का विचारा. नव्याने लग्न झालेलं एखादं जोडपं पहिला गोठा मांडायच्या विचारात असतं. आणि 6 जानेवारी उलटल्यावर पुतळे बांधून ठेवाल तेव्हा प्रत्येकासोबत एक चिठ्ठी ठेवा: हा कुणाच्या घरून आला, कुणी दिला. ते सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना याच नाताळला विचारून घ्या.