पाण्याची पाळी, बोलण्याची पाळी

अनेकार्थी शब्दाचे भाषांतर हा मुख्यतः कोशाचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. कोशाने पर्याय द्यावेत, संदर्भाने त्यांतला एक निवडावा आणि उरलेले गळून पडावेत. ही समजूत मला अपुरी वाटते. इंग्रजीतील ‘टर्न’ या साध्या शब्दाच्या आधारे मी तिची तपासणी करू इच्छितो.

स्पॅनिशमध्ये शिरताच हा शब्द फुटतो. रस्त्याचे वळण ‘कुर्वा’, फेरा ‘वुएल्ता’, रांगेतला वा बोलण्याचा क्रम ‘तुर्नो’, सिंचनाच्या पाण्याचा ठरलेला क्रम ‘तांदा’. रिचर्ड रॉर्टी यांनी 1967 साली संपादिलेल्या ग्रंथामुळे रुळलेले ‘लिंग्विस्टिक टर्न’ तेथे ‘हीरो’ होते. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे सहज पटते. इंग्रजी जे एकत्र बांधते ते स्पॅनिश वेगळे करते. मग मराठीने काय करावे?

माझे बालपण इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या ‘टेल’ला गेले. भाटघर आणि वीरचे पाणी बारामती ओलांडून तेथवर पोहोचते. या पाण्यासाठी तिकडे दोन शब्द आहेत. ‘आवर्तन’ हा कचेरीचा आणि वृत्तपत्रांचा शब्द. ‘पाळी’ हा शेतकऱ्याचा. आवर्तन कालव्याचे असते, पाळी माणसाची असते. आवर्तन सुटते आणि तरीही टेलच्या शेतकऱ्याची पाळी येत नाही, हे तेथील दुःख या दोन शब्दांतील फरकावाचून सांगताच येणार नाही. शासकीय ‘शेजपाळी’नेही अखेर शेतकऱ्याचाच शब्द स्वीकारला, हे लक्षणीय आहे.

विसेंते ब्लास्को इबान्येस यांची ‘ला बार्राका’ (1898) ही कादंबरी मी ‘द केबिन’ (1917) या इंग्रजी भाषांतरातून वाचली, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. व्हॅलेन्सियाच्या बागायती मुलखात बातिस्ते हा उपरा कुळवाडी पाळी मोडून पाणी घेतल्याच्या आरोपावरून जलन्यायालयापुढे उभा केला जातो. हे न्यायालय आजही गुरुवारी कॅथीड्रलच्या दाराशी भरते. तेथे सारे तोंडी चालते आणि अध्यक्षाने खूण केल्यावाचून कोणी बोलायचे नसते. बातिस्ते संतापून मध्येच बोलतो, त्यासाठीही दंड भरतो आणि शेवटी पाण्याला मुकतो. पाणी आणि वाणी या दोन्हींची वाटणी येथे एकाच न्यायाने होते. ‘तांदा’ आणि ‘तुर्नो’ यांना मराठीत दोन वेगळे प्रतिशब्द दिले, तर प्रत्येक वाक्य बिनचूक राहील. प्रसंगाचा सांधा मात्र निखळेल.

‘पाळी’ हा सांधा राखते. बोलण्याची पाळी आणि पाण्याची पाळी मराठीला सारख्याच स्वाभाविक आहेत. शिवाय ‘ही पाळी माझ्यावर आली’ म्हणताना तीच दुर्दशाही सांगते, आणि बातिस्तेवर तीच येते. या शब्दाचा संसार मोठा आहे: कुळवाची पाळी, साखर कारखान्यातील रात्रपाळी, कानाची पाळी, मासिक पाळी. संस्कृत ‘पालि’चे कड, ओळ, बांध हे अर्थ पाहिले, म्हणजे या पसाऱ्यामागची सुसंगतीही जाणवते.

नागर मराठी या शब्दापाशी संकोचते. त्याचा एकच अर्थ तिला आधी ऐकू येतो, म्हणून ती ‘क्रम’ हा निर्धोक पर्याय सुचवते. पण कोणानंतर कोण, एवढेच ‘क्रम’ सांगतो. त्यातले देणे आणि हक्क तो सांगत नाही. क्रम चुकला तर तक्ता बिघडतो, पाळी चुकली तर उभा ऊस वाळतो.

‘पाळी’त रस्त्याचे वा विचाराचे वळण येत नाही, ही हानी मान्यच करावी लागेल. परंतु संदर्भ केवळ नको ते अर्थ गाळतो असे नाही; काही वेळा दोन अर्थ एकाच शब्दात ठेवण्याची मागणीही तोच करतो. ती ओळखण्यास कोश पुरत नाही. तो शब्द ज्यांच्या शेतातून वाहतो, त्यांची बोली कानात असावी लागते.