मताचा पत्ता

आमचे घर कुरवंड्यात आणि दुकान लोणावळ्याच्या बाजारपेठेत. घराच्या मागील ओसरीतून नागफणीचा कडा दिसतो. दुकानातून दिसते ती फक्त पर्यटकांची गर्दी. या दोहोंमधील अंतर गेल्या नोव्हेंबरापर्यंत मला कधी जाणवले नव्हते. ते एका उमेदवाराने जाणवून दिले.

नगराध्यक्षपदासाठी उभे असलेले हे गृहस्थ कार्यकर्त्यांसह दुकानात आले. हात जोडून त्यांनी विचारले, "शेठ, घरात मते किती?"

"पाच," मी म्हणालो, "पण सगळी कुरवंडे ग्रामपंचायतीच्या यादीत."

जोडलेले हात हळूच सुटले. "बरं, मग वर्गणीचं तेवढं पाहा," असे म्हणून मंडळी शेजारच्या दुकानाची पायरी चढली.

मी हसलो खरा, पण तो प्रश्न दिवसभर सलत राहिला. दुकानाचा मालमत्ता कर मी नगरपरिषदेला भरतो. पावसाळ्यात गटाराचे पाणी चढलेच, तर ते माझ्याच गोण्यांपर्यंत येणार. जागेपणीचा बहुतेक वेळ मी याच पेठेत घालवतो; पण नगराध्यक्ष कोण व्हावा, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. २०१६ साली हे पद थेट मतदारांच्या हाती आले, २०२० मध्ये ते पुन्हा नगरसेवकांकडे गेले आणि २०२२ पासून परत थेट झाले. या सगळ्या उलथापालथी मी गादीवर बसून वाचल्या, इतकेच.

रात्री चिरंजीवांचा फोन आला. तो न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्स भागात राहतो. तेथे ४ नोव्हेंबरला महापौराची निवडणूक होऊन जोहरान ममदानी विजयी झाले होते. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे ते पुत्र, म्हणून आपल्याकडेही त्यांची बरीच चर्चा झाली. तेथे वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. १९६९ नंतर एवढा आकडा प्रथमच गाठला गेला. आपल्या मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची सूत्रे असतात आयुक्तांच्या हाती. तेथे मात्र लोकांनी निवडलेला महापौरच पोलीसप्रमुखाची नेमणूक करतो.

माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, "पप्पा, माझंही तेच! ग्रीन कार्डवाल्याची वर्गणी चालते, मत चालत नाही."

वर्गणीचा तेथील हिशेब ऐकून मात्र माझ्यातला व्यापारी जागा झाला. योजनेत सामील झालेल्या उमेदवाराला शहरातील रहिवाशाने दहा डॉलर दिले, तर शहराच्या तिजोरीतून त्यावर ऐंशी डॉलर मिळतात. त्यालाही मर्यादा आहेच. पण एकास आठ हा भाव आमच्या पेठेत कोणी ऐकलेला नाही. नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत देणारा कायदा तेथे २०२१ मध्ये संमत झाला होता. तो अमलात येण्यापूर्वीच न्यायालयात अडकला आणि मार्च २०२५ मध्ये कायमचा रद्द ठरला.

जो कर भरतो त्याला मत, हे तत्त्व मला क्षणभर फार गोड वाटले. ते नवे नाही. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत चौसष्ट सभासद आले. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. तो नियम आज असता तर मला लोणावळ्यात मत मिळाले असते. पण आमच्या दुकानातला हमाल? तो गावात भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या नावावर काहीच नाही. माझे नाव यादीत चढताना त्याचे उतरले असते. शिवाय आजच्या कायद्याला मालमत्ता दिसत नाही. माणूस सामान्यतः राहतो कोठे, एवढेच तो विचारतो. आणि मी झोपतो कुरवंड्यात.

२ डिसेंबरला लोणावळ्यात मतदान होते. नोकरांना भरपगारी सुट्टी दिली आणि अर्धे शटर ओढून वह्या लिहीत बसलो. दुपारी हमाल धुवट सदरा घालून आला. बोटावरची शाई दाखवीत म्हणाला, "शेठ, तुम्ही अजून गेला नाही? साडेपाचला बंद होतंय."

"माझं नाव इथं नाही रे."

त्याला ते खरे वाटेना. "एवढं दुकान तुमचं, आन् नाव नाही?" तो बराच वेळ उंबऱ्यावर उभा राहिला. मग कोणाला मत दिले ते सांगू लागला. मी त्याला थांबवले आणि चहा मागवला.