मकतूब

आमच्या उर्दू शाळेत नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक शब्द फोडून दाखवतो. काफ, ते, बे. या तीन अक्षरांतून किताब होते, कातिब होतो, मकतब होतो आणि मकतूबही. मकतूब म्हणजे लिहिलेले. उर्दूत त्याचा अर्थ खत. अरबीत नशिबी लिहिलेले, असाही अर्थ आहे. हा शब्द आला की मला अब्बा आठवतात.

अब्बा शारजात एका दुकानात कामाला होते. कोकणातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात. 2004 मध्ये दुकानमालकाच्या मुलाने अब्बांना 'मकतूब'वर ई-मेलचा पत्ता काढून दिला. जॉर्डनच्या समीह तुकान आणि हुस्साम खुरी यांनी 1998 मध्ये अम्मानला ही सेवा सुरू केली होती. अरबीत ई-मेल लिहिण्याची सोय तेव्हा सहज मिळत नव्हती. ती यांनी केली, तीही फुकट. पुढे तिथे बातम्या आल्या, खेळ आले, गप्पांचे फड आले.

तालुक्याच्या सायबर कॅफेत मी पहिले खत उघडले तर नुसते चौकोन! कॅफेवाल्या भाईंनी खटपट केली तेव्हा कुठे अक्षरे उमटली. पण अरबी कळफलकावर पे नाही, चे नाही, टे नाही. त्यामुळे अब्बांच्या खतात 'चाचा'चा 'जाजा' झाला, 'बेटा'चा 'बेता' आणि 'पैसे'चे 'बैसे'. घरी वाचून दाखवले तर अम्मी हसून हसून रडली. मग नुसतीच रडली.

2009 मध्ये याहूने मकतूब विकत घेतले. तेव्हा त्याचे 1 कोटी 60 लाखांवर वापरकर्ते होते. अरबांच्या घरचे पोर अमेरिकेने उचलले, याचा तिकडे अभिमानच वाटला. मकतूबच्या घरात जन्मलेला 'सूक' हा बाजार त्या सौद्यात नव्हता. तो 2017 मध्ये अॅमेझॉनने घेतला आणि पुढे त्याचेही नाव गेले. याहूने कैरो आणि अम्मानची कार्यालये बंद केली. मकतूब हे नाव हळूहळू पुसले गेले. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. कष्टाचे मोल त्यांना मिळाले. पण ज्यांनी तिथे खते ठेवली, त्यांना कुणी विचारले नाही.

अब्बा 2011 मध्ये गेले. परवलीचा शब्द त्यांच्याबरोबरच गेला. माझे खातेही मी कित्येक वर्षे उघडले नव्हते. उघडायला गेलो तेव्हा दारच नव्हते.

त्यांची 2004च्या आधीची खते अम्मीच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. कागद पिवळा पडलाय, पण पे आणि टे शाबूत आहेत. आता नववीची मुले मोबाइलवर उर्दू बोलतात, लिहितात मात्र इंग्रजी अक्षरांत. मी रागावत नाही. वर्षातून एकदा त्यांना एक आंतरदेशीय पत्र आणून देतो आणि सांगतो, घरच्या कुणालाही लिहा, पण हाताने लिहा. टपालात मी स्वतः टाकतो.