मित्राचा मित्र

जपानी चित्रकथेचें पुस्तक प्रथम हातीं घेणाराची थोडी फजिती होते. आपण ज्याला शेवटचें पान समजतों तेंच तेथें पहिलें, आणि वाचावयाचें तें उजवीकडून डावीकडे! अशा चित्रकथांना तिकडे 'मांगा' म्हणतात. त्यांपैकीं एका पूर्वकथेची ओळख वाचकांस करून द्यावी असें आमच्या मनांत आहे. ती वाचतांना आम्हांस हसूं पुष्कळ आलें. पण शेवटीं तें हसणें आमच्याच अंगावर उलटलें.

मूळ कथा २०११ सालीं सुरू झाली. तिचे कर्ते 'निको तानिगावा' हे एक गृहस्थ नसून, लेखक व चित्रकार अशा दोघांनीं मिळून घेतलेलें तें टोपणनांव आहे. कथेचें लांबलचक नांव मराठींत सांगावयाचें तर 'मला कोणी विचारीत नाहीं, यांत कसाही विचार केला तरी दोष तुमचाच!' असें कांहींसें होईल. तोमोको कुरोकी नांवाची मुलगी वरच्या शाळेंत जाते आणि तेथें तिला बोलावयास कोणी मिळत नाहीं, एवढ्यावर तिचा आरंभ. पुढें २०१३ सालीं त्याच जोडीनें तोमोकोचा मागला काळ सांगणारी दुसरी मालिका काढली. ती २०१५ पर्यंत चालली. तिच्या नांवांत 'मला'च्या जागीं 'माझ्या मैत्रिणीला' व 'तुमचाच'च्या जागीं 'तुझाच' एवढाच काय तो फरक.

या पूर्वकथेंत मुली तीन. यू नारुसे स्वभावानें गोड व भाबडी. तोमोको मनांत मोठमोठे बेत करणारी, पण चारचौघांत जीभ अडखळणारी. तिसरी कोतोमी कोमियामा, चिबा येथील बेसबॉल संघाची निस्सीम भक्त. यूला दोघीही प्रिय; पण या दोघींचें एकमेकींशीं घटकाभर पटेल तर शपथ! यू मध्यें आहे म्हणूनच त्या एकत्र. आणि त्या दोघीही जिवलग मैत्रिणी आहेत, अशी बिचाऱ्या यूची समजूत. यांतले सारेच विनोद शाळेच्या अंकांत सांगण्याजोगे नाहींत, हेंही कबूल केलें पाहिजे.

जपानांत प्राथमिक शाळेचीं सहा वर्षें व त्यापुढील शाळेचीं तीन अशीं नऊ वर्षें शिक्षण सक्तीचें आहे. त्यानंतर वरच्या शाळेसाठीं बहुतेकांस प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास मित्रमंडळी पांगते. यू निराळ्या शाळेंत जाते. कोमियामा मात्र तोमोकोच्याच शाळेंत असते. तरी तोमोकोला तिची आठवण नाहीं, तिचें नांवही धड येत नाहीं! जिला आपण एकटी म्हणून हसलों, तिच्याच शाळेंत तिला ओळखणारें माणूस होतें, हें कळल्यावर आमचें हसूं मावळलें.

कारण आमचीही गोष्ट अशीच होती. वर्गांत आमच्या बांकावर तिघे बसत असूं. मधला आमचा जिवलग. पलीकडचा त्याचा जिवलग. मधला गैरहजर असला म्हणजे आम्ही दोघे मधल्या सुट्टींत आपापला डबा उघडून आपापल्या झांकणाकडे पाहत जेवत असूं. पुढें मधल्याच्या वडिलांची बदली झाली. बांकावरची मधली जागा रिकामी राहिली, आणि ती भरून काढण्याकरितां दोघांपैकीं कोणीही चार अंगुळें सरकला नाहीं. आपणांस आतां मित्र उरला नाहीं, असें आम्ही घरीं सांगितलें. आईला तें खरें वाटलें, आणि आम्हांलाही.

महिन्याभरानें त्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें विचारलें होतें, "तो कसा आहे? त्याच्या आजीची प्रकृति आतां कशी आहे?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां येईना. रोज हातभर अंतरावर बसणाऱ्या मुलाची आजी आजारी आहे, ही वार्ता दोनशें मैलांवरून आम्हांस कळावी, याची आम्हांस फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तें पत्र त्याच्यापुढें सारलें. त्यानें तें वाचलें व म्हटलें, "आजी गेली. पंधरा दिवस झाले." मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आम्हीं आपला डबा मध्यें ठेवला, त्यानेंही ठेवला. त्या पत्राचें उत्तर आम्हीं दोघांनीं मिळून लिहिलें, आणि लिहितांना शुद्धलेखनावरून भांडलों.

अजूनही आमचें फारसें पटतें असें नाहीं. तो क्रिकेटविषयीं बोलूं लागला कीं आम्हांस जांभई येते, आणि आमच्या चित्रकथांना तो पोरखेळ म्हणतो. तथापि मधली जागा आतां रिकामी नाहीं; तेथें दोन डबे असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग बदलतील, बांकेंही बदलतील. 'आपणांस कोणी नाहीं' असें ज्यांस तेव्हां वाटेल, त्यांनीं एकवार बांकाच्या दुसऱ्या टोंकाकडे पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.