पहिल्या रायफलीचा चाप

ठासणीच्या रायफलीचा चाप म्हणजे लोखंडाची एक वाकवलेली पट्टी. लांबसडक नळी, मेपलच्या दस्त्यावरच्या सोनेरी-तपकिरी लहरी, पितळी जडावाची नक्षी यांच्यापुढे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पण रायफल खांद्याला लागली, नळीच्या टोकावरची माशी निशाणावर येऊन स्थिरावली आणि श्वास अर्धा सोडून रोखला, की माणसाचा आणि बंदुकीचा उरलेला सगळा संबंध त्या पट्टीवर येऊन टेकतो. मनातला निर्णय लोखंडाला कळतो तो तिथेच.

आज हौसेने घरी घडवल्या जाणाऱ्या या रायफलीचे घराणे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. १८ व्या शतकात जर्मन मुलखांतून आलेल्या कारागिरांनी आपल्याकडच्या आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफलीला लँकेस्टरच्या परिसरात उंच, सडपातळ रूप दिले. जेकब डिकर्टसारख्यांच्या कार्यशाळांमधून निघालेल्या त्या लांब रायफलींच्या प्रतिकृती आज तिथले हौशी लोक घरच्या कामाच्या टेबलावर घडवतात. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने अशा पारंपरिक बंदुका आधुनिक शस्त्रांच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा ठरतो. कोकणातल्या शेतकऱ्यांकडे पीकरक्षणासाठी दिसणाऱ्या ठासणीच्या बंदुकांनाही परवाना लागतो.

घरी घडवलेली म्हणून सगळेच हाताने केलेले असावे, असा आग्रह जुन्या कारागिरांचाही नव्हता. अनेकजण इंग्लंड किंवा जर्मनीतून आलेले तयार लॉक, म्हणजे घोडा आणि त्याची सगळी आतली यंत्रणा, विकत घेऊन दस्त्यात बसवत. आजच्या नवशिक्यानेही तेच करावे. चापाचा स्वभाव निम्म्याहून अधिक लॉकमध्ये ठरलेला असतो. लॉकच्या आत घोड्याबरोबर फिरणारी एक चकती असते आणि तिला दोन खाचा असतात. एकीत घोडा अर्धा चढून सुरक्षित थांबतो, दुसरीत पुरता चढतो. या खाचांमध्ये जी खिटी अडकते तिला सिअर म्हणतात. तिची एक दांडी लॉकमधून आडवी बाहेर येऊन दस्त्याच्या पोकळीत शिरते. चापाचे काम एवढेच की ती दांडी वर उचलायची. दांडी उचलली की खिटी खाचेतून सुटते, घोडा झेपावतो, चकमकीच्या ठिणग्या रंजकावर, म्हणजे पेट देणाऱ्या दारूवर, पडतात आणि बार उडतो. खाच ओबडधोबड असेल तर कितीही सुंदर चाप लावला तरी ओढताना खरखर जाणवणारच. ती घालवण्यासाठी नवशिक्याने खाचेवर कानस चालवू नये. खाच बिघडली, तर अर्धवट धरलेली खिटी घोडा चढवतानाच सुटू शकते.

साधा चाप एका आडव्या खिळीवर झुलतो. कोकणातल्या विहिरीवरची लाट खांबावर झुलते, तसाच. बोटाने खालचे टोक मागे ओढले, की खिळीच्या मागचा सपाट भाग वर येतो आणि सिअरची दांडी उचलतो. पहिल्या रायफलीत सगळ्यांत जास्त विचार हवा तो या खिळीच्या जागेचा. खिळीपासून बोट एक इंचावर आणि सिअरची दांडी पाव इंचावर असेल, तर बोटाचा जोर दांडीपर्यंत चौपट होऊन पोहोचतो. तीच दांडी अर्ध्या इंचावर गेली तर जोर दुपटीवर येतो आणि चाप जड वाटू लागतो. त्यामुळे खीळ दांडीच्या थोडी पुढे आणि लाकडात उंचावर बसवण्याची रीत आहे. फार जवळ आणली तर चाप हलका होतो, पण बोटाला लांबचा पल्ला ओढत न्यावे लागते. या दोन टोकांमधली जागा शोधणे हे खरे कसब. कोरलेल्या लाकडात खिळीचे भोक एकदाच पडते, म्हणून आधी कागदावर लॉक, दांडी आणि चाप मूळ मापात काढून पाहावेत.

दुसरी काळजी मोकळीकीची. सिअरची दांडी घोड्याच्या प्रत्येक स्थितीत एकाच उंचीवर नसते. अर्ध्या खाचेत वेगळी, पूर्ण खाचेत वेगळी. चाप आणि दांडी यांच्यात प्रत्येक स्थितीत केसाइतके तरी अंतर उरले पाहिजे. चाप दांडीला सतत वर ढकलत राहिला, तर खिटी खाचेत पूर्ण बसत नाही, आणि तशी बंदूक घोडा चढवून धरणे धोक्याचे. मोकळीक असली की चाप थोडा खुळखुळतो. बारीक, मऊ स्प्रिंग लावून तो खुळखुळाट थांबवता येतो. काही जुन्या रायफलींवर ती नसते, आणि त्या खुळखुळाटाचे कुणाला वावडेही नव्हते.

दोन चापांची जोडी हा वेगळा मोह. जर्मन शिकारी रायफलींवर ती फार पूर्वीपासून होती. पुढे सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन बंधूंनी पश्चिमेच्या डोंगरांत जाणाऱ्यांसाठी बनवलेल्या, चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या रायफलींची ती ओळख झाली. मागचा चाप ओढला की एक जोरदार स्प्रिंग ताणून अडकते. मग पुढच्या चापाला बोट नुसते लागले तरी ती स्प्रिंग सुटून सिअरला टोला देते. दोन्ही चापांमधल्या छोट्या स्क्रूने हा हलकेपणा कमी-जास्त करता येतो. या जोडीचे दोन प्रकार आहेत. एकात मागचा चाप न ओढताही पुढच्याने बार काढता येतो. दुसऱ्यात मागचा चाप आधी ताणल्याशिवाय घोडा खाचेत थांबतच नाही. जोडी घ्यायचीच असेल तर पहिला प्रकार घ्यावा.

मात्र जोडीची किंमत लाकडाला मोजावी लागते. तिची लांब पट्टी दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे रायफल जिथे सगळ्यांत बारीक आणि नाजूक असते नेमक्या तिथे, खोल खाच मागते. लॉकलाही एक जास्तीचा तुकडा लागतो. साध्या चापात घोडा पडेपर्यंत बोट सिअरला उचलून धरते. जोडीत सिअरला फक्त क्षणभराचा टोला बसतो, आणि खिटी परत खाली येऊन अर्ध्या खाचेत आदळण्याचा धोका असतो. ते टाळण्यासाठी चकतीत एक इवलासा झुलता तुकडा बसवलेला असावा लागतो. तो नसलेल्या लॉकला जोडी लावणे चूक. शिवाय ताणलेला चाप जरा धक्का लागला तरी सुटू शकतो, म्हणून निशाण धरल्यावरच तो ताणायचा.

आणि चकमकीच्या रायफलीत घोडा सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा छोटासा अंश जातो. ठिणगी, रंजक, नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरणारी ज्वाळा, मग मुख्य बार, एवढा प्रवास होईपर्यंत नळी निश्चल ठेवावी लागते. चाप कितीही हलका असला तरी हा वेळ कमी होत नाही. पहिली रायफल घडवणाऱ्याने साधा एकच चाप निवडावा, हे त्यामुळे अधिकच पटते. नीट बसवलेला साधा चाप तीन-चार पौंडांच्या ओढीत स्वच्छ सुटतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर नेमबाजी करायला आणि हरणाच्या शिकारीला तेवढे पुरेसे आहे. शिवाय खीळ, दांडी आणि खाच यांचे नाते त्यातून हाताला जसे कळते, तसे तयार जोडी बसवून कळत नाही.

आकाराची निवड शेवटी, आणि तीही काळ पाहून. १८ व्या शतकातल्या रायफलीला मागे वळलेल्या शेपटीचा पातळ चाप शोभतो. बोट आरामात टेकेल इतपत रुंदी असावी. चाप दस्त्याच्या मागच्या टोकापासून किती अंतरावर येतो त्यावर खांद्यापासून बोटापर्यंतची लांबी ठरते, म्हणून दस्ता कापण्याआधी घडवणाऱ्याने स्वतःच्या हाताचे माप घ्यावे. नळी आणि लॉक बसल्यावर चाप, आणि चापाची जागा पक्की झाल्यावरच भोवतीची पितळी कडी बसवावी.