पानगळीची रजा

न्यू जर्सी,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

ती. बापूमामांना सा. न.

"रजा टाकून घरीच बसलास? मग टाकलीस कशाला?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. लिहूनच उत्तर देतो, कारण फोनवर तुम्ही कुणाला वाक्य पुरं करू देत नाही.

उरलेली रजा डिसेंबरअखेर बुडते, हे कागदोपत्री कारण. लोक ती थँक्सगिव्हिंगला जोडून घेतात आणि विमानतळावर रांगेत काढतात. मी त्याच्या आधीच घेतो. घरातली सगळी आपापल्या कामाला गेली की सकाळभर अंगण, आणि घड्याळं एक तास मागे गेल्यापासून पावणेपाचलाच दिवस मावळतो, तेव्हा मग तळघरात लेगो. हसा खुशाल. वर्षभर जे करतो त्यातलं काहीच संध्याकाळी बोट करून दाखवता येत नाही, मामा. या दिवसांत येतं.

अंगण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मामींनी सारवलेलं येईल. इथलं म्हणजे घरामागचा गवताचा तुकडा, दोन मेपल, कुंपणाशी एक ओक. दिवस लहान झाले की झाड देठाच्या बुडाशी बुचासारखा पडदा धरतं. हिरवा रंग विरतो आणि उन्हाळाभर त्याच्याआड दडलेला पिवळा वर येतो. मेपलचा लाल मात्र जुना नव्हे, तो त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. तो बघायला लोक गाड्या काढून डोंगरात जातात. आमच्या वाट्याला पुढचा अंक, म्हणजे झाडलोट. मेपल आठवड्याभरात मोकळा होतो. ओक चिवट. काही पानं तर वाळून कोळ झाली तरी थंडीभर सोडत नाही.

पानं रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवली की नगरपालिकेची गाडी येऊन जाड नळीने ओढून नेते. शेजारी त्यासाठी पाठीवर ब्लोअर बांधून फिरतो. मिरवणुकीतला डीजे समजा, फक्त पुढे गणपती नाही. मी बरीचशी पानं गवतावरच राहू देतो आणि वरून मोअर फिरवतो. चुरा वसंतापर्यंत मातीत जिरतो, खताचे पैसे वाचतात. कुंपणापलीकडे याला आळस म्हणत असावेत.

आता तळघराचं. तुम्ही बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून हयात काढलीत, म्हणून हे तुम्हालाच सांगण्यात अर्थ आहे. लेगोच्या आजच्या विटेचं पेटंट 1958चं, डेन्मार्कमधलं. तेव्हाची वीट आज कारखान्यातून निघालेल्या विटेवर गच्च बसते. आपल्या भट्टीतल्या दोन विटा इतक्या सारख्या निघाल्या असत्या तर तुम्ही पेढे वाटले असतेत. वीट 9.6 मिलिमीटर उंच, पातळ पट्टी तिच्या बरोबर तिसऱ्या हिश्शाची, 3.2. वरच्या दोन गोल स्टडांमधलं अंतर 8. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की 16, दोन स्टडांची रुंदी. एवढा हिशोब डोक्यात ठेवला की विटा आडव्या पाडूनही भिंतीत फट न ठेवता बसवता येतात.

मोठ्यांसाठीचे तयार संच मला फारसे रुचत नाहीत. 2008 साली ताजमहाल आला होता, 5,922 तुकड्यांचा. सुंदर असेल, पण पुस्तिका सांगेल तिथे तुकडा दाबायचा, यात मजुरीच जास्त. मी सुटे करडे ठोकळे जमवतो आणि सध्या रायगडाचा महादरवाजा बांधतोय. करड्या रंगाचीही एक गंमत आहे. 2004च्या सुमारास कंपनीने करडा बदलला. आधीचा किंचित पिवळसर होता, नवा निळसर. शौकीन खवळले, कारण जुन्या-नव्या विटा एका भिंतीत ठिगळासारख्या दिसतात. माझ्या ते पथ्यावर पडलं. सह्याद्रीचा दगड कुठे एकरंगी असतो? दोन्ही करडे मिसळले, मधूनच एखादी शेवाळी पट्टी घातली, आणि भिंत एकदम पावसाळे खाल्लेली दिसू लागली.

अडलं ते बुरुजाशी. दरवाजाच्या दोन्ही अंगांना ते दोन बुरूज नसतील तर तो रायगड कसला? आणि चौकोनी विटेतून गोल कसा काढायचा? दिवाळीच्या किल्ल्यात माती थापली की गोल व्हायची, वर अळीव पेरले की काम संपलं. इथे उपाय सापडला तो तुमच्या सांधेमोडीतच. दोन स्टडांची वीट, मग एका स्टडाची गोल वीट, पुन्हा दोनाची, आणि वरच्या थरात सांधे मोडत तेच. गोल विटा बिजागरीचं काम करतात आणि आख्खी भिंत हाताने वळते. हे जमलं त्या रात्री जेवायला तीनदा हाक मारावी लागली, अशी घरात तक्रार आहे. बुरूज खालून वर निमुळता होत जातो, तो उतार मात्र अजून साधलेला नाही. माझा बुरूज सध्या पाण्याच्या टाकीसारखा सरळसोट उभा आहे.

म्हणून एक काम सांगतो. थंडीत तुमची मंडळी गडावर जाणार असं म्हणालात. रोपवे तुम्हाला थेट माथ्यावर सोडेल, महादरवाजा लागणार नाही. गुडघे साथ देत असतील तरच पायऱ्यांनी तिथवर उतरा, नाहीतर कुणा तरुणाला पाठवा. बुरुजाचा एक फोटो अगदी बाजूने हवा, उतार मोजता येईल असा. कमानीच्या दोन्ही बाजूंची कोरलेली कमळं जवळून, आणि आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या. सेल्फी नको, मंडळींना तसं आधीच बजावा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता.क. मामींना सांगा, त्यांनी विचारलेला लसूण ऑक्टोबरात लावला. तो बर्फाखालीच हिवाळा काढतो, काढणी जुलैत. खारकांड्यांनी ट्यूलिपचे कंद उकरून नेले, लसणाला तोंड लावलं नाही.